हीच गाडी पाहिजे

मी गाडी बोलतेय. चालणं सुटून बराच काळ झाला. तोंड तेवढं शाबूत आहे, म्हणून बोलून घेते. तसाही माझ्या आयुष्याचा निकाल बोलण्यानेच लागला. माझ्याविषयी लोक जेवढं चांगलं बोलले तेवढं क्वचितच एखाद्या गाडीच्या वाट्याला येत असेल, आणि एवढं चांगलं बोलूनही माझं घराणं बुडालं ते बुडालंच. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही पूर्वी यायचं.

माझा जन्म नागपूरच्या बाहेर, एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दारावर 'वैदर्भी मोटार कारखाना' अशी पाटी होती आणि आम्हा सगळ्या बहिणींचं नावही वैदर्भीच. दिसायला मी देखणी नाही, हे आधीच सांगून टाकते. नाक बसकं, पाय उंच, पाठ सपाट. पण ज्यांनी मला घडवलं ती सगळी याच भागातली माणसं होती. पावसाळ्यात आपल्या गावच्या वाटांचं काय होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी माझं पोट जमिनीपासून उंच ठेवलं, चाकं मोठी दिली आणि इंजिनाला हवा पुरवणारी नळी बॉनेटच्याही वर काढली. चिखल आणि पाणी यांच्याशी झगडायला मी जन्मले.

माझा गिअरबॉक्स खुशाल रामटेकेने बसवला. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाला टेकून त्याचं गाव. बोलायला अगदी कंजूष माणूस. पाना फिरवताना ओठ आवळून धरायचा आणि काम मनासारखं झालं की माझ्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. त्याची ती कौतुकाची परमावधी.

त्याच सुमारास दिल्लीकडून एक नवी छोटी मोटार निघाली. गुळगुळीत, चटपटीत, आवाज न करणारी. वर्तमानपत्रात तिचीच पानभर चित्रं. आमच्याकडे जाहिरातीला दमडी नव्हती. शेडमागे आम्ही बिनविकलेल्या ओळीने उभ्या होतो आणि चिमण्या आमच्या छतावर बिनधास्त संसार करत होत्या. मालकांनी शेड बंद करण्याची भाषा सुरू केली. कामगारांचे चेहरे पाहवत नव्हते.

तेव्हा हरिदास फोरमन पुढे झाला. वरोऱ्याचा हा गडी, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या आशेचा. सगळ्यांना त्याने आमच्यासमोर गोळा केलं.

"जाहिरात नाई तं नाई," तो म्हणाला. "तोंड तं हाये ना आपल्याले? एकेक गाडी घ्या, आपापल्या गावी जा. लोकायले बसवा, फिरवा, चिखलात घालून दाखवा. वापरनारा मानूस पाच जनायले सांगते, थे पाच अजून पंचवीस जनायले सांगतेत. दिवाईनंतरच्या मंडईपर्यंत घेनाऱ्यायची नावं जमली तं शेड राह्यते. मालकायनं कबूल केलं हाये."

अशा आम्ही डझनभर बहिणी विदर्भभर पांगलो. खुशालच्या वाट्याला मी आले.

गावात आमचं स्वागत काही वाजतगाजत झालं नाही. "याले गाडी म्हनाव का डब्बा?" असं एकाने विचारलं आणि बाकीचे पोट धरून हसले. खुशालची बायको इंदुताई मात्र माझ्याभोवती एक फेरी मारून आली, आत बसली, उतरली आणि म्हणाली, "बसाले चांगली हाये जी. पन तुमी तं बोलतच नाई. लोकायले सांगन कोन?"

बाईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. खुशाल गावोगाव मला फिरवी, कुणी विचारलं तर "चांगली हाये" म्हणे आणि गप्प होई. अशाने काही कारखाना वाचत नसतो.

मग आषाढात एक दिवस गावाबाहेरच्या नाल्यात लटारूची बैलबंडी फसली.

लटारू हा त्या टापूतला बैलबाजाराचा दलाल. त्याचं तोंड म्हणजे त्याची शेती. दुसऱ्याचा बैल विकून द्यायचा, दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि दोन्हीकडून शाबासकी घ्यायची हा त्याचा धंदा. त्या दिवशी पहिल्या बाळंतपणासाठी तो आपल्या लेकीला, कमलाला, माहेरी आणत होता. बंडीला त्याची सगळ्यात नावाजलेली जोडी जुंपलेली. नाल्याच्या मधोमध चाकं रुतली, वरून पाणी वाढू लागलं आणि ती नावाजलेली जोडी गुडघे टेकून बसली. कमला बंडीचा दांडा धरून रडत होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

खुशालने मला नाल्यात घातलं. पाणी माझ्या दारापर्यंत आलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. पण त्याने बंडीच्या धुरेला साखळी बांधली, पहिला गिअर टाकला, ओठ आवळले, आणि मी ओढायला लागले. बंडी आली, बंडीबरोबर लटारूची ती दोन भरदार जनावरंही फरपटत काठावर आली. जन्मभर ज्याने बैलांचं कौतुक करून पोट भरलं त्याचेच बैल मी चिखलातून ओढून काढले होते. लटारू आ वासून बघत राहिला.

कमलाला आम्ही तसंच पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतताना लटारू खुशालच्या घरी थांबला. आजवर तो या मोहल्ल्यात आला की दाराबाहेर उभ्याउभ्याच बोलून जायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं, उच्चार कुणी करत नसे. त्या दिवशी तो ओसरीवर टेकला आणि त्याने इंदुताईकडे पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला, तो घटाघटा प्यायला. मला फार बरं वाटलं.

"खुशालभाऊ," तो म्हणाला, "आता हे गाडी विकाचं काम माह्यावर सोड. तुले बोलाचं वळन नाई. मी सांगतो साऱ्यायले."

आणि लटारू सुटला.

प्रत्येक बैलबाजारात तो माझ्या टपावर हात ठेवून उभा राही आणि आयुष्यभर ज्या जिभेने बैल खपवले त्याच जिभेने माझं वर्णन करी. "पाहा, पाहा, चारही पाय कसे भरीव हायेत! पान्यात पाय टाकाले भेत नाई. मारकुटी नाई, अडेल नाई, मालक वळखते. आन पायगुन तं इचारूच नका. माह्या घरी लक्ष्मी आनली हिनं!" लोक वाकून माझ्या चाकांकडे बघत. एका म्हाताऱ्याने तर बॉनेट उघडायला लावून आत असं निरखून पाहिलं की मला वाटलं आता हा माझे दात मोजतो.

बोलणं पसरायला वेळ लागला नाही. बाजारातून बाजारात, पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे, भातरोवणीच्या बांधीतून बांधीत. नाल्यातल्या पाण्याची उंची दर आठवड्याला वाढत होती. पोळ्यापर्यंत मी वैनगंगा पोहून गेले होते आणि बैलांच्या जोड्या तीन झाल्या होत्या. मी बाळंतिणी वाहिल्या, तापाने फणफणलेली लेकरं वाहिली, शाळेचे बाक वाहिले. बायका माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावू लागल्या.

हे हळदकुंकू खुशालला खटकायचं. तो बुद्धाला मानणारा, बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात पायगुण, नजर, कौल असलं काही नव्हतं. पहिल्यांदा त्याने लटारूला सांगून पाहिलं. "पायगुन-बियगुन काई नाई, लटारूभाऊ. चाकं मोठी हायेत, हवेची नळी वर हाये. कारखान्यातल्या मानसायनं डोकं लावून बनवली तिले."

"अगा, नळीचं सांगतलं तं कोन आयकते? तुले नावं पायजेत का नाई?"

नावं तर पाहिजेच होती. शेडमागे उरलेल्या माझ्या बहिणी, हरिदास आणि त्याचे सगळे साथीदार त्या नावांवर टांगलेले होते.   कुंकू लावणारी बाई आली की खुशाल पाना शोधायच्या निमित्ताने मागे वळायचा.

इंदुताईने एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "कौतुक गाडीचं होऊन राह्यलं, कारखान्याचं कोनी नावबी घेत नाई. काऊन जी असं?"

"होईल," खुशाल म्हणाला. "पयले गाडी, मंग कारखाना."

मलाही तसंच वाटत होतं. आपलं कौतुक ऐकताना कुणाला शंका येते?

दिवाळी झाली. धान कापणीला आलं आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. आमच्या गावची मंडई म्हणजे दिवसभराची जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात. खुशालने हरिदासला निरोप धाडला होता की इकडे सगळ्या टापूत गाडीचंच बोलणं आहे. बाकीच्या बहिणींकडून थोडीथोडकी नावं आली होती, पण ती पुरत नव्हती. उरलेली सगळी भिस्त आमच्या मंडईवर. हरिदास नोंदणीचं पुस्तक काखोटीला मारून सकाळीच एसटीने हजर झाला. नवा सदरा घातला होता बिचाऱ्याने.

इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मूलकडची, गोंडपिपरीकडची, नव्याने वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातून नदी ओलांडून आलेली. मला झेंडूच्या माळा घातल्या. लटारू तर फेटा बांधून आला होता. कमला मुलीला घेऊन आली, तिने लेकीचं कपाळ माझ्या दाराला टेकवलं. हरिदासचे डोळे भरून आले. त्याने टेबल मांडलं, पुस्तक उघडलं आणि लेखणी हातात धरली.

पहिला पुढे आला तो एक धानगिरणीवाला. ऐपतीचा माणूस. तो टेबलापाशी थांबलाच नाही. सरळ खुशालजवळ गेला, आपला दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून बोटं दाबली.

"हे काय जी?" खुशालने विचारलं.

"भाव करून राह्यलो. गाडी मले दे."

"नाव लिवा ना तिथी. महिन्याभरात नवी कोरी येते."

"नवी काऊन? मले हीच पायजे."

हरिदास हसत उठला. समजावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "अहो, अशीच येईल. हुबेहूब अशीच. एकाच साच्यातल्या हायेत साऱ्या."

गिरणीवाल्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "एका गायचे दोन गोऱ्हे सारखे निंगतेत काय जी? हिचा पायगुन साऱ्यायनं पाह्यला. दुसरी कोन्या खोडीची निंगंल, काय भरोसा?"

त्याच्यामागे बांबूचा कंत्राटदार होता. त्यालाही हीच पाहिजे होती. मग एक सरपंच आला, त्यालाही हीच. दुपट्टे पडत होते, बोटं दाबली जात होती, आवाज चढत होते. दोघं तर माझ्यावरून भांडले. मी कुणाची व्हावी यावर बाजार तापला होता आणि टेबलावरच्या पुस्तकातलं पान कोरं होतं.

ज्यांची घेण्याची ऐपत नव्हती त्यांचं तर वेगळंच. एक म्हातारी हरिदासला प्रेमाने म्हणाली, "दुसरी कायले पायजे बापा? हे हाये ना आमची. खुशाल नाई म्हनत नाई कोनाले."

तेव्हा खुशाल माझ्या पायरीवर चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढ्या लोकांसमोर बोलत होता. कान लाल झाले होते. "आयका! हे गाडी नशिबाची नाई, मेहनतीची हाये. शंभर मानसायनं मिळून बनवली. थे मानसं अजून हायेत. अशाच शंभर गाड्या करतीन थे. पायगुन काई नसते!"

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माना डोलावल्या. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "खुशालले द्याची नाई, म्हनून बोलून राह्यला. एवढी गुनाची गाडी कोन देईन?"

लटारूला आता कुठे अंदाज आला. त्याचा चेहरा पार उतरला. पण दलालच तो, त्याने शेवटचा डाव टाकला. टोपलीवर उभा राहून ओरडला, "एकटा बैल काय कामाचा? जोडी लागते का नाई? मंग हिलेबी जोडी करा! घ्या दुसरी!"

मंडईत असा हशा पिकला म्हणता! "दोन गाड्या एका जुवाले जुपतं काय, लटारूभाऊ?" कुणीतरी विचारलं, आणि हसण्याची दुसरी लाट उसळली. लटारूही हसल्यासारखं करत खाली उतरला. त्याच्या फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर लोंबत होता.

ऊन उतरलं, मंडई फुटली. हरिदासने पुस्तक मिटलं. एकही नवं नाव नव्हतं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याजवळ आला, माझ्या माळा एकेक करून काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

"हिले नेतो का?" खुशालने विचारलं.

"नेऊन काय करू? तिथी भंगारात जाईन. इथी लोक चांगलं म्हनून राह्यले, राहू दे." एसटीची वेळ झाली म्हणून तो निघाला. शेड त्याच महिन्यात बंद झालं. हरिदासने पुढे वरोऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं असं ऐकलं. माझ्या बहिणींचं काय झालं ते विचारायची माझी हिंमत नाही.

खुशाल परत कारखान्यात गेला नाही, कारण जायला कारखाना उरला नव्हता. त्याने मला चालवलं, जिवापाड जपलं. पण गाडी कौतुकावर चालत नाही, तिला सुटे भाग लागतात. क्लच गेला, त्याने कुठल्यातरी ट्रकचा घासून बसवला. स्प्रिंगचे पाटे तुटले, लोहाराकडून जोडून आणले. शेवटी गिअरबॉक्स गेला. त्याने स्वतः बसवलेला. त्याचे दात झिजून गेले होते आणि तसे दात करणारी जागा जगात उरली नव्हती. त्याने सगळं परत जोडलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मला घरामागच्या मोहाच्या झाडाखाली ढकलून लावलं.

लटारू अधूनमधून येतो, माझ्या चाकाला टेकून बसतो. बाजारात जातो, पण पूर्वीसारखा बोलत नाही म्हणतात. एकदाच म्हणाला, "मले बैलच सांगता येते, खुशालभाऊ. कारखाना कसा सांगतेत, मले नाई येत." खुशालने त्याच्यापुढे चहा ठेवला.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मोहाखाली गंजत पडायला मी तयारही झाले होते.

पण गेल्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या जंगलातून, एटापल्लीकडून तीन माणसं आली. अर्धी वाट चालत, अर्धी एसटीने. त्यांच्यातल्या मोठ्याचं नाव कोलू. खुशाल आणि लटारू मोहाखालीच बसले होते. कोलू माझ्याभोवती फिरला, माझ्या उंच पोटाखाली वाकून पाहिलं, वर काढलेल्या नळीला हात लावला.

"हेच का जी थे गाडी? नाल्यातली?"

"हेच."

"आमाकडे बाजारात सांगतलं. पाच वर्स झाले आयकून राह्यलो. मंग गावात बसलो, बोललो. तीन गावं मिळून ठरवलं." तो शब्द नीट जुळवून म्हणाला, "तुमची तुमाले राहू द्या. आमाले अशीच दुसरी पायजे."

खुशालचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला. मंडईच्या त्या अख्ख्या दिवसात ज्या एका वाक्यासाठी हरिदास लेखणी धरून बसला होता ते वाक्य आता आलं होतं. जंगलातून, पायी, वाटेत थांबत थांबत. लटारूने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

खुशालने सांगितलं. कारखाना बंद झाला, गाडी बनत नाही, ही पण चालत नाही. कोलूला ते पटेना.

"सारे चांगलं म्हनून राह्यले. मंग बंद कायले झाला?"

 उत्तर मी दिलं असतं, पण माझं कोण ऐकतं?

कोलू माझ्या पायरीवर टेकला. पावसाळ्यात आजारी माणसाला त्याच्या गावचे लोक खाटेवर घालून, खांद्यावरून जंगल ओलांडत नेतात. गाडी आणतो, असं तो गावात सांगून आला होता. मग त्याचा चेहरा उजळला. "आमी अजून सांगतो लोकायले. आमाकडचे सारे म्हनतीन, तं करतीन ना थे सुरू?"

आणि ते निघाले. खुशालने त्यांना थांबवलं नाही. इंदुताई दारातून म्हणाली, "नाई होत म्हनून सांगाचं होतं ना त्यायले चांगलं."

"सांगतलं ना," खुशाल म्हणाला. "आयकलं कुठी त्यायनं?"

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. आता मला दुरुस्ती नको, माळ नको, कुणाची आठवणही नको. एवढंच करा. नाल्यातून बैल ओढून काढणाऱ्या गाडीची गोष्ट कधी तुमच्या कानावर आली, तर ती तुमच्यापाशीच राहू द्या. पुढे कुणाला सांगू नका. एटापल्लीच्या वाटेला लागलेल्या माणसाला तर मुळीच सांगू नका. नाहीतर तिथे कुणीतरी आजारी माणसाला खाटेवर घालायच्या आधी एकदा वाटेकडे पाहील, आणि थोडा वेळ थांबेल.